बिल्ल्यावरचा शोफर

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पांढऱ्या गणवेशावर एक पितळी बिल्ला असायचा. त्यावर इंग्रजीत ‘शोफर’ असं कोरलेलं. चाकणच्या कंपन्यांत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना ते गाडीतून फिरवत, म्हणून ट्रॅव्हल्सवाल्याने तो दिला होता. बिल्ला नसलेला ड्रायव्हर आणि बिल्ला असलेला शोफर, एवढाच फरक. हाक मारताना दोघांनाही ‘ए’ म्हणत.

अकरावीत मी फ्रेंच घेतलं ते मार्क मिळतात म्हणून. अर्ध्या वर्गाने त्याच हिशेबाने घेतलं होतं. भाषेवर प्रेमबिम काही नव्हतं. पण हा एक शब्द मी हौसेने शोधला. मूळ क्रियापदाचा अर्थ तापवणं. शोफर म्हणजे तापवणारा, वाफेच्या इंजिनाचा जाळ सांभाळणारा. सुरुवातीच्या काही मोटारी वाफेवर चालत, त्या आधी तापवाव्या लागत, म्हणून मोटार हाकणाराही शोफरच झाला. पुढे जाळ गेला, नाव राहिलं. फ्रान्समध्ये आज ट्रकवालाही शोफरच असतो. इंग्रजांनी मात्र तो शब्द उचलून साहेबाच्या गाडीला जुंपला, आणि आपल्याकडे तो तसाच आला, टोपीसकट.

जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. ते घास हातात धरून हसत सुटले. “मंग मी जुनाच शोफर हाय की! ह्यांनी बिल्ला उशिरा दिला गं.”

खरंच होतं ते. गाडीवर येण्याआधी अण्णांची उमेदीची वर्षं भोसरीच्या एका फोर्जिंग कारखान्यात, लोखंड तापवायच्या भट्टीसमोर गेली होती. ठोकळा घणाखाली घ्यायला तयार झाला की नाही, हे तिथले जुने लोक त्याच्या रंगावरून ठरवत. डोळ्यांना निळ्या काचेचे चष्मे मिळायचे, पण घामाने काच धुरकट होई आणि निळ्यातून रंगही नीट कळत नसे. मग चष्मा कपाळावर सरकवायचा आणि उघड्या डोळ्यांनी जाळात बघायचं. जो काच लावून बघेल त्याला सगळे ‘नवी नवरी’ म्हणून चिडवत. अण्णा कधी नवी नवरी झाले नाहीत, याचा त्यांना फार अभिमान होता. विजेची भट्टी आली तेव्हा जुन्या लोकांना हारतुरे घालून घरी पाठवलं. अण्णांनी गाडीचं लायसन्स काढलं.

काही वर्षांनी ते चहा कपाबाहेर ओतू लागले. आई तांदळातले खडे त्यांच्यासमोर मुद्दाम ठेवून बघायची, त्यांना दिसायचे नाहीत. नाशिक फाट्याच्या सिग्नलला ते पुढची गाडी हलली की आपली हलवत. आई म्हणाली, “डोळं दाखवा एकदा.” ते खेकसले, “न्हाई म्हन्लं ना! कळलं तर गाडी काढून घेत्याल. मग खायचं काय?”

ट्रॅव्हल्सवाला दरवर्षी ड्रायव्हरांचे डोळे तपासून घ्यायचा. तिथली रीत अशी, की ज्याला दिसत नाही त्याने रांगेत शेवटी उभं राहायचं. पुढचे मोठ्याने अक्षरं वाचायचे, मागच्याने ती पाठ करायची. पुढचेही जरा आवाज चढवूनच वाचत, आपल्यातल्याच माणसासाठी. त्या वर्षी अण्णा रांगेत सगळ्यात शेवटी होते. पास झाले.

त्यानंतर एका सकाळी पाहुण्याला आणायला ते एकटेच चाकणकडे निघाले होते. ऊन समोरून येत होतं. पिकलेल्या डोळ्यांना त्या उजेडात नुसतं पांढरं दिसतं, हे आम्हाला नंतर कळलं. रात्रपाळी करून घरी चाललेला एक कामगार सायकलवर होता. अण्णांनी ब्रेक दाबला तो धडकेचा आवाज ऐकून. त्या माणसाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

पोलिसांनी अण्णांना डोळे तपासायला पाठवलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, “भट्टीवर होतात का कधी?” मग म्हणाले, “मोतीबिंदू आहे. उघड्या डोळ्यांनी जाळात बघून होतो असा. अहो, अर्ध्या तासाचं काम हे. इतके दिवस थांबलात कशाला?” मला संताप आला. डॉक्टरांचा आला, त्या रांगेचा आला, आणि सगळ्यात जास्त अण्णांचा आला.

शब्दकोशात ‘शोफर’चा आणखी एक अर्थ होता. तो मी घरी सांगितला नव्हता. फार पूर्वी फ्रान्समध्ये दरोडेखोरांच्या टोळ्या होत्या. घरातल्या माणसाचे तळपाय जाळावर धरायचे आणि पैसा कुठे पुरलाय ते वदवून घ्यायचं. त्यांनाही शोफरच म्हणत. तेव्हा वाचून मला गंमत वाटली होती. आता अण्णांचे पाय कोणी जाळावर धरले होते, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. अण्णांनी तर उलट तोंड मिटून धरलं, आणि पाय गेला तो भलत्याचाच.

दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. सरकारी दवाखान्यात, फुकट. गणवेश आणि बिल्ला ट्रॅव्हल्सवाल्याने आधीच परत नेला होता, लायसन्सही गेलं होतं. शेवटची पट्टी निघाल्यावर अण्णांनी हट्टच धरला, म्हणून मी त्यांना त्या कामगाराच्या खोलीवर घेऊन गेले. तो खाटेवर बसला होता. माझ्याच वयाचा असेल. अण्णा हात जोडून दारातच उभे राहिले. तो त्यांना शिव्या देत होता आणि ते त्याच्याकडे नुसते बघत होते. मी दंड धरून ओढलं तरी हलेनात.

परतताना रिक्षात ते म्हणाले, “त्या दिवशी ह्याचं तोंड मला दिसलंच न्हवतं गं.” रुमालाने डोळे पुसत ते पुढे बोलले, “आता लई साफ दिसतंय.”