मागं कोण हाय?

आक्का घरून तोंड धुऊन यायच्या आणि कारखान्यात पाऊल टाकल्याबरोबर पुन्हा डोळे धुवायच्या. टँकर रिकामे करायच्या जागेवर डोळ्यांसाठी एक फवारा बसवलेला होता. डोळ्यांत काही उडालं तर धावत जाऊन तिथे उभं राहायचं. डिसेंबरातल्या बेळगावच्या सकाळी त्या पाण्याला हात लावायची कुणाची छाती होत नसे. आक्का चष्मा काढून, ओणवं होऊन, उघड्या डोळ्यांनी ते पाणी घ्यायच्या. मग पदराने तोंड पुसत म्हणायच्या, "आज पाणी हाय. आता टँकर घ्या आत." पाणी नसेल त्या दिवशी टँकर फाटकाबाहेरच उभा. मग कुणी का ओरडेना.

त्यांच्याबद्दल मी आधी कधी लिहिलेलं नाही. नीट जमेल की नाही याची धास्ती आहे. पण आमच्या भागात अशी एखादी आक्का, एखादे आप्पा प्रत्येक कारखान्यात असतातच. वाचणाऱ्याला आपल्याकडचं माणूस आठवलं तरी पुष्कळ झालं.

महामार्गावरच्या एका साबणाच्या कारखान्यात आक्का टँकर यार्डाच्या प्रमुख होत्या. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, त्याच कारखान्याचा टँकर चालवतात. साबणाला कॉस्टिक लाय लागते. लाय म्हणजे दाहक सोड्याचं दाट पाणी. दिसायला तेलासारखं, हाताला बुळबुळीत, आणि कातडीला लागलं तर आधी कळतही नाही. डोळ्यांत गेलं तर मात्र डोळा जातो. ही लाय खाली किनाऱ्यावर टँकरमध्ये भरतात तेव्हा गरम असते. घाट चढून टँकर वर आला, एखादी रात्र बाहेर उभा राहिला, की आमच्याकडच्या थंडीत ती थिजते. बाटलीतलं खोबरेल थिजतं तशीच. सगळ्यात आधी थिजते ती मागच्या व्हॉल्व्हमध्ये आणि त्याच्या पुढच्या, तोंडाला टोपण असलेल्या वीतभर नळीत. मग टँकर पोटभर भरलेला असतो आणि थेंब बाहेर येत नाही.

या व्हॉल्व्हसाठी आक्कांनी वाकळा शिवून घेतल्या होत्या. जुनी लुगडी, पोती, मधे गोणपाट, आणि बांधायला नाड्या. टँकर फाटकात आला की आधी त्या टँकरच्या पोटाला उलटा हात लावून बघायच्या, ताप आलेल्या लेकराला बघतात तसा. मग व्हॉल्व्हला वाकळ गुंडाळायच्या. ड्रायव्हर लोकांना थट्टेला एवढं पुरे होतं. "आक्का, बाळंतीण कशी हाय?" "धुरी दिली न्हवं?" आणि यात सगळ्यांत पुढे आमचे आप्पा. आक्काही ऐकून घेणाऱ्या नव्हत्या; आप्पांना नाव घेऊनच सुनवायच्या. "तुझ्यापरीस शहाणी हाय रं परसू. निदान गप तरी बसती."

आक्का मूळच्या निपाणीच्या. त्यांची आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. आक्का सांगायच्या, "आमच्या आईचं डोळं मी पांढरं कधी बघितलंच न्हाय. तांबडंच. वखारीत एवढ्या बायका, पर कुणी एक घागर पाणी ठेवलं न्हाय डोळं धुवायला." त्या आईने मुलीला बी.एस्सी. केलं. त्यांच्या गल्लीतली पहिली पदवी ती. आक्का आधी कारखान्याच्या प्रयोगशाळेत होत्या, मग मागून यार्ड घेतलं. बाईमाणसाने यार्ड मागावं याचं सगळ्यांना नवल वाटलं. साहेबांनी दिलं, पण "बघू" म्हणून दिलं.

यार्डात त्यांची एक रीत होती. कुठलंही टोपण, कुठलाही व्हॉल्व्ह उघडायच्या आधी त्या मोठ्याने विचारायच्या, "मागं कोण हाय?" आणि तिथल्या सगळ्यांनी ओरडून उत्तर द्यायचं, "कोण न्हाय!" उत्तर दबक्या आवाजात आलं तर त्या परत विचारायच्या. आप्पा घरी त्याची नक्कल करत. आई कुकरची शिट्टी काढायला गेली की आप्पा बाहेरून, "मागं कोण हाय?" आणि मी न् माझा भाऊ, "कोण न्हाय!" आम्हाला तो खेळच वाटायचा.

एका सोमवार सकाळची हकीकत मी आप्पांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे होते असंच वाटतं. मी नव्हते.

थंडी कडक पडली होती. कारखान्यातली लाय संपत आलेली, आणि रविवार म्हणून बाहेर थांबलेला आप्पांचा टँकर सोमवारी फाटकात आला. साहेब स्वतः यार्डात आले होते. सगळ्यांसमोर ते आक्कांना म्हणाले, "आज साबणाची लाइन बंद पडली तर मॅडम, तुम्ही परत प्रयोगशाळेत. यार्ड दुसरं कोणी बघेल." आक्कांनी मान हलवली आणि टँकरच्या मागे गेल्या. तिथे थांबल्या. नळी काळी झाली होती. काजळी बोटाला लागत होती.

"परसू, शेकलास व्हय रं ह्याला?"

"व्हय आक्का," आप्पा अभिमानाने म्हणाले. "धाब्यावर नारळाच्या सोडणांची शेकोटी केलती खाली. चांगला शेकून आणलाय. तुमची वाकळ आज नगं. लोण्यावानी सुटंल बघा."

"टोपण लावून शेकलास?"

"मग? टोपण काढलं असतं तर गळलं नसतं सगळं?"

आक्कांनी सगळ्यांना नळीच्या रेषेतून बाजूला व्हायला सांगितलं. साहेब म्हणाले, आता आणखी काय? लाय उपसायच्या पंपावरचा माणूस कन्नडमध्ये "बेगा, बेगा" करत होता, म्हणजे लवकर आटपा. ड्रायव्हर हसत होते. कुणीतरी म्हणालं, "बाळंतिणीला शेक जास्त झाला वाटतं."

आक्कांनी तेव्हा जे सांगितलं ते आप्पांना पाठ आहे. "टोपणाजवळ गार लागतंय, तिथं थिजलेलं बूच बसलंय. त्याच्या मागं, बंद व्हॉल्व्हपातूर, ह्यानं पातळ करून तापवलंय. त्याला फुगायला जागा न्हाय, जायाला वाट न्हाय. आधी वाट द्यायची असती, मग ऊब. आत दाब हाय का न्हाय मला दिसत न्हाय. दिसत न्हाय म्हंजे हाय, असंच धरायचं."

"आणि लाइन?" साहेबांनी विचारलं.

"लाइन थांबंल, साहेब. मला प्रयोगशाळेत घाला. पर हे टोपण मी सावकाशच उघडणार."

त्यांनी तोंडावर पारदर्शक ढाल लावली, रबरी झगा घातला, कोपरापर्यंत हातमोजे चढवले. फिटरलाही घालायला लावले. लांब दांड्याचा पाना लावून दोघं एका बाजूला उभे राहिले. खाली तसराळं ठेवलं. मग आक्कांनी विचारलं, "मागं कोण हाय?"

"कोण न्हाय!"

पाना हलला नाही. आक्का टँकरच्या खालून बघत होत्या. "परसू," त्या म्हणाल्या, "मला तुझी चप्पल दिसतीया."

आप्पा टँकरच्या मागे, नळीच्या रेषेतच उभे होते. आपला टँकर, आपण शेकलेला, सुटताना आपण बघायचा नाही तर कुणी? ते कुरकुरत बाजूला झाले. "लई भ्या वाटतंय तुमाला, आक्का."

"व्हय रं, वाटतंय. परत इचारती. मागं कोण हाय?"

"कोण न्हाय!"

पाना अर्धा वेढाही फिरला नसेल. टोपणाच्या फटीतून आधी पांढरे खडे उडाले आणि त्यामागून सरळ रेषेत लाय. सगळी मिळून तांब्याभर असेल. ती आप्पा उभे होते त्या जागेवरून गेली आणि मागच्या भिंतीवर आदळली, आप्पांच्या तोंडाच्या उंचीला. भिंतीला हिरवा तेलरंग होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो रंग सुरकुतला आणि सालीसारखा खाली आला.

आक्काच पहिल्या बोलल्या, "कुणाला लागलं न्हाय न्हवं? एकेकानं सांगा." एकेकाने सांगितलं. आप्पांची पाळी आली तेव्हा त्यांनी नुसता हात वर केला.

मग भरपूर पाणी मारून जागा धुतली. टोपण काढून व्हॉल्व्हला पोती गुंडाळली आणि बाहेरच्या टोकाकडून आत, असं गरम पाणी ओतायला सुरुवात झाली. घाईत एकाने कँटीनमधून अल्युमिनियमच्या पातेल्यात पाणी आणलं, तर आक्का एवढ्या जोरात ओरडल्या की तो पातेल्यासकट परत पळाला. लाय अल्युमिनियम खाते आणि त्यातून पेटणारा वायू निघतो. लोखंडी बादल्या आल्या. लाइन थांबली ती थांबलीच. दुपार कलल्यावर लाय वाहायला लागली. साहेब निघताना त्या भिंतीजवळून न जाता लांबून वळसा घालून गेले. प्रयोगशाळेचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

त्या दिवसापासून आप्पांची थट्टा बंद झाली असं म्हणता येणार नाही. पण आमच्या घरातून आईचं एक जुनं लुगडं गेलं, आणि आप्पांच्या केबिनमध्ये व्हॉल्व्हची स्वतंत्र वाकळ आली.

मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं तेव्हा आमच्या घरात ते काय असतं हे सांगायला कुणी नव्हतं. आक्कांनी सांगितलं. दुसऱ्या वर्षी आमचा वर्ग कारखाना बघायला गेला. भिंतीला नवा रंग होता, पण मधला तेवढा उघडा ठिपका तसाच ठेवलेला. एका मुलीने विचारलं, इथे रंग का नाही? मी मान खाली घातली. वाटलं, आता आप्पांचं नाव निघणार. आक्कांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या म्हणाल्या, "हितं कोण उभं न्हवतं. म्हणून ही भिंत मला आवडती." त्या दिवशी मला त्यांचा किती अभिमान वाटला ते मला आजही शब्दांत मांडता येत नाही.

गेल्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या. निरोपाला ड्रायव्हरांनी त्यांना वाकळ दिली. सगळ्यांच्या जुन्या खाकी सदऱ्यांची, बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या खोलीत बसून आईने आणि इतर बायकांनी शिवलेली. आक्कांनी तिला उलटा हात लावून बघितला. "ही मी व्हॉल्व्हला घालू देणार न्हाय हां," एवढंच म्हणाल्या, आणि चष्मा काढून फवाऱ्याकडे गेल्या. डोळे धुऊन यायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला. आता त्या निपाणीत असतात. थंडी पडली की त्यांचा मला फोन येतो: लाय आली का, पाणी बघतात का.

या डिसेंबरात यार्डाला नवे साहेब आले. तरुण आहेत, चांगले आहेत. भिंत रंगवायला त्यांनी माणूस लावला. तो त्या ठिपक्यापाशी आला तेव्हा आप्पांनी त्याचा ब्रश धरला. साहेबांनी येऊन विचारलं, "हे काय आहे? इथे काय झालं होतं? कोण होतं इथे?"

आप्पा घरी येऊन हे सांगत होते तेव्हा जेवायचं ताट तसंच समोर होतं. स्वतःच्या चुकीबद्दल इतक्या ताठ मानेने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

"मी म्हणालो, हितं मी उभा न्हवतो, साहेब. ते म्हणाले, मग कोण होतं? तवर सगळी ड्रायव्हर मंडळी माझ्या मागं येऊन उभी राहिलती. त्यांनीच सांगितलं की."

"काय सांगितलं?" आईने विचारलं.

आप्पांनी यार्डातल्यासारखा आवाज काढला. शेजारच्यांनी दार उघडून बघितलं.

"कोण न्हाय!"