तिसरा रकाना

गेल्या महिन्यात एका दुपारी साताऱ्याच्या आमच्या वार्ताहराचा फोन आला. "निकम सुभेदार गेले म्हणतात..." मी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" तो जरा दुखावला. पण हा प्रश्न माझा नव्हता. दत्ताजी निकमांचा होता.

लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यावर दत्ताजी आमच्या दैनिकाच्या सांगली कार्यालयात टेलिप्रिंटर सांभाळायला आले. पुढे कॉम्प्युटरही शिकले. त्यांच्या वहीत तीन रकाने असत: निरोप, कुणाकडून, त्याला कुणाकडून. तिसरा रिकामा असेल तर बातमी माझ्या, म्हणजे संपादकाच्या, टेबलावर येत नसे. आम्ही हसायचो.

यंदाच्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई चालू होती. दोन्ही देशांनी वर्षापूर्वीच अणुचाचण्या केलेल्या, आणि दत्ताजींचा मुलगा सुनील पुढच्या ठाण्यावर. एकदा इंटरनेटवर, सरकारी दिसणाऱ्या एका पानावर ओळ झळकली: पलीकडून क्षेपणास्त्र सुटलं. मी साताऱ्याच्या याच वार्ताहराला फोनवर ते सांगितलं. दहा मिनिटांत त्याचा उलट फोन, "इथंही तीच बातमी आहे." मी खडू घेऊन बाहेरच्या वार्ताफलकाकडे निघालो. तिथं रोज जवानांच्या घरची माणसं उभी असत.

दत्ताजी दारात आडवे आले. चेहरा पांढराफटक. "आवं, साताऱ्याला कुणी सांगितलं?"

मी फोनकडे वळून पाहिलं.

"तुमीच की मघाशी! आपलाच आवाज इहिरीतनं परत आलाय." मग त्यांनी मुंबई-पुण्याला फोन लावले. काय ऐकलंय ते सांगितलंच नाही. फक्त विचारलं, "अर्ध्या तासात काय आलंय?" कुठंच काही नव्हतं. संध्याकाळी कळलं, कुणीतरी परक्यानं त्या पानात घुसून मजकूर बदलला होता. कुलूप न तोडता तो आत शिरला कसा, हे दत्ताजी पुढे कित्येक दिवस भेटेल त्याला विचारत राहिले. मला एकदा म्हणाले, "साहेब, आपल्या हातात नुसता खडू हुता. ज्यांच्या हातात बाँब हाय, त्यांच्या वहीत तिसरा रकाना असंल का वं?"

...वार्ताहराचा फोन ठेवून मी सुनीलला लावला. लढाईतून सुखरूप परतलेला सुनील रजेवर साताऱ्याकडच्या गावी, आजारी दत्ताजींपाशीच होता. मी ऐकलेलं सांगितलं नाही. "दत्ताजी कसे आहेत?" एवढंच विचारलं.

"काका, दादांच्याच पद्धतीनं इचारताय व्हय... सकाळी गेले. हात माज्या हातात हुता."

वही टेलिप्रिंटरशेजारी तशीच आहे. मी नोंद केली. दुसऱ्या रकान्यात सुनील. तिसऱ्या रकान्यात लिहिलं: स्वतः जवळ होता.