माईकवर सांगा

अंबडच्या कारखान्यात रविराजच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्याविषयी एकच सांगत: साहेब बोलतात, पण तोंडावर बोलतात. पाठीमागची कुजबुज त्याला खपत नसे. सटाण्याजवळच्या गावातून तो ब्याण्णव साली नाशकात आला, लेथवर लागला, आणि पुढे मांडव-डेकोरेशनचा धंदा करणाऱ्या मनोजबरोबर सिडकोत घर करून राहिला. गावाला सांगितलं, पार्टनर आहे. न कळल्याचं सोंग गावाला छान वठवता येतं, आणि तेरा वर्षं त्याने ते वठवलं.

दोन हजार नऊच्या जुलैत दिल्लीच्या कोर्टाने निकाल दिला, की दोन सज्ञान माणसांचे राजीखुशीचे खाजगी संबंध हा गुन्हा नाही. त्या दिवशी मनोजने पेढे आणले आणि दोघांनीच बसून खाल्ले. पण टीव्हीवर दिवसरात्र तेच चाललं, आणि इतकी वर्षं न सापडलेला शब्द लोकांना आयता मिळाला. कायद्याने दोघांना सोडलं आणि लोकांची जीभही सुटली.

डिसेंबरात रविराजच्या भाचीचं, योगिनीचं लग्न ठरलं. स्थळ कळवणचं. योगिनीला बाप नव्हता. पहिल्या सायकलीपासून कॉलेजपर्यंत सगळं मामानेच पाहिलेलं. मांडव अर्थातच मनोजचा. तिकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. नवऱ्याच्या चुलत्यांनी, मल्हारीआबांनी, हळदीच्या दिवशी नेमकं तेच धरलं. योगिनीच्या आईला, रविराजच्या थोरल्या बहिणीला लंकाबाईला, त्यांनी बाजूला घेतलं.

"पोरगी पसंत हे, पन तसला मामा पाठीशी नको. तुमचा चुलतभाऊ दत्तू हे ना, त्याला उभा करा. नायतर वऱ्हाड माघारी जाईल."

लंकाबाई डोळे पुसत भावाकडे आली, एवढ्या वेळेपुरतं माघार घे म्हणायला. "या डाव मांगे बस रे भाऊ. पोरनं लगीन शे."

बहिणीचा त्याला राग आला नाही. विधवा बाईने सगळा संसार लोकांच्या तोंडाकडे बघून केलेला. आबांचा मात्र आला, आणि चांगलाच आला. तरी लग्न भाचीचं होतं, म्हणून त्याने आधी तिला विचारलं. हळदीने माखलेली योगिनी म्हणाली, "मामा, तू न्यायला आलास तरच मी उठेन. ह्यांना मी कधीच सगळं सांगितलंय. त्यांचं काही म्हणणं नाही."

"मग लग्न नाही मोडत. मोडलीच तर आबांची खोड मोडेल," रविराज म्हणाला, आणि ती पिवळ्या तोंडाने हसली.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वेळी तो फेटा बांधून थेट आबांसमोर उभा राहिला. "आबा, मी होतो बाजूला. पण एवढी माणसं मामा कुठाय म्हणून विचारणार. तुम्ही माईकवर सांगा, मामा का नको ते. तुमच्या तोंडाने, कारणासकट."

"माईकवर काय सांगायचं त्यात? समद्यांला ठाव हे."

"मग लाजता कशाला? मी कुठं लाजतोय?"

आबा तावातावाने उठले आणि माईक हातात घेतला. मांडव गप्प झाला. रविराजच्या मनात आलं, म्हातारा बोललाच तर? पण तो जागचा हलला नाही. तो शब्द आबांनी पारावर आणि एसटीत हसत हसत कितीदा तरी उच्चारला होता. आता समोर सुना होत्या, नातवंडं होती, शाळेचे मास्तर होते. त्यांनी घसा खाकरला, "मंडळी" म्हणाले आणि पुन्हा खाकरले.

"आवाज येतोय, आबा," कोपऱ्यातून मनोज अदबीने म्हणाला. "बोला."

मागे बायकांत कोणीतरी फिसकन हसलं. आबांनी एकदा मनोजकडे, एकदा रविराजच्या फेट्याकडे पाहिलं.

"नवरीच्या मामांनी," ते म्हणाले, "नवरीला घेऊन यावं."

योगिनीने हात पुढे केला. रविराजने तो घट्ट धरला, तिला बोहल्यावर आणलं आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहिला. दत्तू अक्षता वाटत होता आणि त्यात अगदी खूश होता.

मग मानपान सुरू झालं. टॉवेल-टोपी देताना माईकवाला प्रत्येकाचं नाव आणि नातं पुकारत होता. मामाला टोपी घालताना आबांनी वर पाहिलं नाही, आणि रविराजलाही त्याची गरज वाटली नाही. तेवढ्यात लंकाबाईने ताटातली आणखी एक टोपी उचलली आणि ती मनोजकडे निघाली. आजवर मनोज तिच्यासाठी नुसता 'तुझा तो पार्टनर' होता.

"यांचं नातं काय सांगू, बाई?" माईकवाल्याने विचारलं.

लंकाबाई थबकली. सगळा मांडव तिच्या तोंडाकडे बघत होता.

"मना भाऊना, रविराजना घरना माणूस शे," ती म्हणाली. "माईकवर तसंच सांग."

माईकवाल्याने तसंच पुकारलं. उंच मनोज टोपीसाठी तिच्यासमोर वाकला. रविराजने भर मांडवात डोळे पुसले, आणि पुसताना तोंड फिरवलं नाही.