काजं कुणी उसवली?

आक्काच्या हातचं काज म्हणजे काज. दोरा असा बसायचा की मशीननं लाजावं. मनोविकारांच्या दवाखान्यामागं एक शिवणखोली होती; स्किझोफ्रेनियातून सावरलेल्या बाया तिथं पुन्हा कामाची सवय लावून घ्यायच्या. आक्का तिथलं जुनं खोड. त्यात सहा महिन्यांपूर्वी ती 'नवी' आली. कपड्यांच्या दुकानदारानं एक बाई मागितली, तर शिकवणाऱ्या बाईंनी नाव काढलं नवीचं!

"ती आठला हजर असते, आक्का. तू दहाला उगवतेस."

आक्काचा नुसता जळफळाट झाला. रात्रीच्या गोळीनं सकाळी डोळाच उघडत नसे, पण ते बोलून दाखवायला जीभ कुठं रेटते! तिनं गुपचूप गोळीच बंद केली.

सकाळी सातला तिला तयार होऊन बसलेली बघून भावजय म्हणाली, "वन्सं, आज सूर्याला तुम्हीच उठवलंत की काय?"

चार दिवस आक्का आठच्या ठोक्याला हजर. पाचव्या दिवशी तिनं शिवलेल्या शर्टाची दोन काजं उसवलेली. नवीनंच केलं, दुसरं कोण! अन् लगेच ती स्वतःच्याच संशयाला दचकली. पहिल्यांदा आजार आला तेव्हाही असंच झालं होतं. शेजारीण पाण्यात काहीतरी कालवते म्हणून ती दोन दिवस तहानलेली बसली होती. नुसता जळफळाट असला तर बरं, तो काय जगाला होतो. पण तेच परत आलं असलं तर?

खोलीचा एक नियम होता. संशय आला की गिळायचा नाही, शेजारच्या खुर्चीला विचारायचं. शेजारच्या खुर्चीत होती नवी!

विचारलं अन् भ्रम निघाला, तर नोकरीचं नावच नको. तरी आक्कानं शर्ट तिच्यापुढं धरला. "ए बये, ही काजं मला उसवलेली दिसतायत. तुला दिसतायत का?"

नवी मान खाली घालून म्हणाली, "दिसतायत. मीच उसवली. बाई रोज तुझंच काज नाचवतात सगळ्यांपुढं. जीव जळतो माझा."

आक्का हसत सुटली. बाया माना वळवून बघायला लागल्या तरी थांबेना. मग 'आज खरं निघालं, उद्या भ्रम निघाला तर?' म्हणून उठली, बाईंकडे गेली अन् गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. बाईंनी आधी चांगली झाडली, मग डॉक्टरांकडे नेलं. गोळी सुरू झाली, सकाळची झोपही आली मागोमाग.

नवी दुकानात कामाला लागली. महिन्याभरानं आक्काही स्वतःच दुकानदारापुढं उभी राहिली. "गोळीमुळं आठला उठवत नाही. दहाला येईन, सातपर्यंत बसेन. आधी हे काज बघा."

त्यानं कापड उलटं करून मागची बाजू निरखली. "उद्यापासून या."

मशीनवरून नवी ओरडली, "मला आठ अन् हिला दहा? हा कुठला न्याय, शेठ?"

"जळ मेले," आक्का म्हणाली, अन् तिच्याशेजारी खुर्ची ओढून घेतली.