टेस्ट नावाचा खरा डेटाबेस

सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजच्या पाठीमागं आमचं ऑफिस. माणसं दोनच: मी, आणि सैन्यात सिग्नलमध्ये नोकरी करून आलेले उंब्रजचे एक गृहस्थ. त्यांना सगळे सुभेदार म्हणायचे. कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचं रक्त शिल्लक आहे, हे आसपासच्या दवाखान्यांना एका जागी दिसावं, एवढंच आमचं काम. ती सगळी माहिती क्लाउडवरच्या, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या भाड्याच्या यंत्रावरच्या, एका डेटाबेसमध्ये असायची. ते यंत्र आम्ही कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. इथून प्रोग्राममधून हुकूम सोडायचा, की तिकडं डेटाबेस उभा राहायचा, वाढायचा, नाहीतर पुसला जायचा.

पुसण्याचाच एक प्रोग्राम सुभेदारांनी त्या दुपारी चालवला. आम्ही प्रयोगासाठी उभे केलेले डेटाबेस साचत जायचे. ज्याच्या नावात ‘टेस्ट’ असेल तो काढून टाक, असं त्यात लिहिलेलं. मी जेवणाचा डबा धुऊन आत आले, तर ते खुर्चीत ताठ बसलेले.

“ताई, आपल्या चालू डेटाबेसचं नाव काय वो?”

मी सांगितलं, आणि सांगता सांगताच घोटाळा माझ्या ध्यानात आला. सुरुवातीला काम जमतंय का बघायला म्हणून तो उभा केलेला, तेव्हा कुणीतरी नावात ‘टेस्ट’ घातलं होतं. पुढं तोच खरा झाला. नाव बदलायचं राहून गेलं.

डेटाबेसची यादी मागवली. रिकामी आली. माहितीच्या रोज आपोआप निघणाऱ्या प्रती, म्हणजे बॅकअप, शोधल्या. त्याही त्याच्याबरोबर गेल्या होत्या. पुसण्याआधी शेवटची प्रत ठेवायची का, याला प्रोग्राममध्ये आधीच ‘नको’ लिहून ठेवलेलं. शेवटी मागच्या आठवड्यात हातानं काढलेली एक प्रत सापडली. तिच्यावरून नवा डेटाबेस उभा करायचा हुकूम सोडला. मग स्थिती विचारत बसले. दर वेळी तेच उत्तर: तयार होत आहे.

तेवढ्यात कवठे महांकाळच्या एका दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला.

“मॅडम, तुमचं काय उघडंना. बाळंतीण हाय, रक्त थांबंना. ओ निगेटिव्ह कुठं हाय तेवढं सांगा.”

“बंद पडलंय. मी रक्तपेढ्यांना फोन लावते.”

“आवं, लय वेळ न्हाई आपल्याकडं.”

मी सांगली, मिरज असे एकामागून एक फोन लावत सुटले. कुठं कुणी उचलत नव्हतं, कुठं हातातलं काम टाकून बघून सांगतो म्हणायचे. तीच गोष्ट आदल्या दिवशी सिस्टरना बोट टेकवताच दिसली असती. शेजारी सुभेदार स्थिती विचारत होते. “अजून तयार होतंय,” एवढंच ते सांगत, माझ्याकडं न बघता. मिरजेच्या एका पेढीत ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती, ती सकाळीच गेली होती.

पुन्हा सिस्टरना फोन केला, तेव्हा बाईला गाडीत घालून मिरजेला पाठवलं होतं.

डेटाबेस उभा राहिला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यातली माहिती आठवड्यापूर्वीची. जिथं रक्त दिसत होतं, तिथं ते असेलच असं नव्हतं. सुभेदार बाहेर जिन्यावर जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, “फौजेत एवढी वर्सं काढली. माझ्या हातनं कुणाचा जीव गेला न्हाई कवा.”

पुसता येणार नाही असं कुलूप मी नव्या डेटाबेसवर चढवलं, आणि आम्ही दोघं प्रत्येक पेढीला फोन करून पिशव्यांचे आकडे नव्यानं भरायला लागलो.

सकाळी सिस्टरचा फोन आला. तो घ्यायचं धाडस मला होईना, सुभेदारांनी घेतला. बाई वाचली होती. गाडीच्या ड्रायव्हरचाच गट ओ निगेटिव्ह निघाला. मिरजेला पोचल्यावर त्यानंच बाही वर केली. आमच्या डेटाबेसमध्ये रक्तदात्यांचीही एक यादी होती, तिच्यात तो नव्हताच.

“त्याचं नाव घालून ठेवा तुमच्यात,” सिस्टर म्हणाल्या.

“घालतो,” सुभेदार म्हणाले. फोन ठेवून त्यांनी आधी ते नाव भरलं. त्यानंतर काहीही पुसायचं असलं की ते मला हाक मारतात, आणि मी शेजारी येऊन नाव मोठ्यानं वाचेपर्यंत बटण दाबत नाहीत.