आधीच भरलेला रकाना

माझा नवरा कुठे आहे, हे मला सांगायची त्या माणसाला परवानगी नव्हती. मी गोल बाजारात स्टीलचे डबे बघत उभी, आणि फोनवरचा माणूस म्हणतोय, "भाभीजी, मिलिंद सर की तबीयत बिगड़ गई है, आप आ जाइए." कुठे येऊ? तर म्हणे, "दफ्तर का पता हम फोन पर नहीं बता सकते." आता काय म्हणावं! इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढंच ठाऊक, की त्याचं ऑफिस भनपुरीच्या पुढे कुठंतरी आहे... मी भर बाजारात ओरडले, तेव्हा पलीकडे कुणीतरी फोन हिसकावून घेतला आणि दवाखान्याचं नाव सांगितलं. मी पोचेपर्यंत मिलिंद गेला होता. हार्ट अटॅक, ऑफिसच्या खुर्चीतच आलेला. दोन महिने होत आले, पण त्या फोनचा राग अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही.

आम्ही दोघं या हिंदी मुलखातल्या एकाच रेल्वे कॉलनीत वाढलेलो, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच राहिलं. तो सुरक्षा खात्याच्या एका कचेरीत कम्प्युटरचे पडदे आखायचा. याला युजर एक्सपीरियन्स डिझाइन म्हणतात. माझे बाबा रेल्वेत फिटर, त्यांनी शेवटपर्यंत विचारलं, "म्हणजे जावई करते तरी काय? पडद्याले रंग देते का?" मिलिंद हसायचा. त्याचं खरं काम बसून बघण्याचं. ठिकठिकाणांहून आलेल्या खबरा जे लोक कम्प्युटरवर भरतात, त्यांच्या मागे स्टूल टाकून हा बसायचा आणि ते कुठं अडतात, कुठं न वाचताच पुढे जातात, ते पाहायचा. घरीही तेच! नवीन मिक्सर आणला, तर मी झाकणाशी झटापट करतेय आणि हा हाताची घडी घालून उभा. मी म्हटलं, "अरे, बघून काय राहिला, लाव न!" तर म्हणे, "मी लावलं तर तू कुठं अडते ते मले कसं समजन?" लाटणं फेकून मारावंसं वाटायचं.

आणि चहा. रोज सकाळी चहा तोच करायचा, आणि रोज विचारायचा, "साखर घालू का?" मी एक चमचा घेते. लग्नाआधीपासून घेते. "काहून विचारून राहिला रे रोज?" मी वैतागायचे. त्याचं उत्तर ठरलेलं: "काल घेतली होती. आज तुले पाह्यजे का नाही, मले काय माहीत?" उत्तर मिळेपर्यंत चमचा डब्याच्या वर तसाच धरून उभा.

या माणसाच्या वाट्याला तो रकाना यावा, हे नशीबच म्हणायचं. गुप्त ते तो घरी कधीच बोलला नाही, पण या रकान्याची कटकट मी जेवताना, झोपताना, पंडरीच्या बाजारात साड्या घेताना ऐकली आहे. खबरेत ज्याचं नाव आलं, तो माणूस कसा, हे भरायचा तो रकाना. त्यात आधीपासूनच 'संशयित' असं लिहून यायचं. बदलायची सोय होती, पण दिवसभर भरून भरून थकलेला माणूस भरलेल्या रकान्याला हात लावत नाही, हे मिलिंदने मागे बसून पाहिलं होतं. त्याचं म्हणणं, रकाना रिकामा ठेवा आणि निवडायला 'अजून माहीत नाही' हेही द्या. त्याचे साहेब म्हणाले, "'पता नहीं' लिखने की तनख्वाह देते हैं क्या?" मग आठवडी बाजारात मडकी विकणाऱ्या एकाला पोलिसांनी उचलून नेलं. काही दिवसांनी सोडलं. त्याच्याबद्दल कुणी काही ठरवलंच नव्हतं, नुसता रकाना तसाच राहिला होता. त्या संध्याकाळी मिलिंद जेवला नाही. मी म्हटलं, "जाऊ दे न. तुह्या एकट्यानं काय होते?" तो म्हणाला, "त्याले कोणी विचारलंच नाही, सुषमा." त्यानंतर तो त्या साहेबांच्या मागेच लागला. बढती हुकली, तरी लागलेलाच.

दवाखान्यात खिडकीवरच्या मुलाने मृत्यूच्या नोंदीचा कागद छापून माझ्यापुढे सरकवला. नाव बरोबर, वय बरोबर. धर्म: हिंदू. आम्ही बौद्ध. मिलिंदच्या आजोबांनी नागपूरला जाऊन, विचार करून घेतलेला धर्म आहे तो. मी म्हटलं, "तुमने पूछा था?" तो म्हणाला, "दीदी, वो पहले से भरा आता है." पहले से भरा! दिवसभर न आलेलं रडू मला तिथे आलं, आणि रडत रडत मी त्या पोराशी भांडले. मागून दीर म्हणाला, "जाऊ दे न वहिनी, आता काय फरक पडते?" मी जाऊ दिलं नाही. दुसरा कागद छापून घेतला, तेव्हाच सही केली.

परवा त्याच्या ऑफिसातला एक सहकारी भेटायला आला. मिलिंद किती हुशार, किती शांत, वगैरे बोलला. मी सरळ त्या रकान्याचंच विचारलं, "वो खाना खाली हुआ कि नहीं?" त्याने मान खाली घातली. "भाभी, वो हम नहीं बता सकते." म्हणजे ज्या गोष्टीपायी माझा नवरा जेवण टाकून उठायचा, तिचं काय झालं हे मला जन्मात कळणार नाही. चिडून मी स्वयंपाकघरात गेले, त्याच्यासाठी चहा टाकला आणि तिथूनच ओरडले, "शक्कर डालूँ?"

आता सकाळचा चहा मी करते. लेक कॉलेजच्या गडबडीत असते; मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत. "साखर घालू का?" ती वैतागते. "मम्मी, रोज़ क्यों पूछती हो? पता तो है आपको!"

"मले काय माहीत," मी म्हणते, आणि ती सांगेपर्यंत चमचा डब्याच्या वर तसाच धरून उभी राहते.