मामांची चौकशी आणि माझी सावधगिरी

आता काय सांगू तुम्हाला, मला फसवणारा अजून जन्माला यायचाय. हसू नका, भुसावळात आमच्या रेल्वे कॉलनीत कुणालाही विचारा. दागिने उजळून देतो म्हणत आलेल्या दोघांना मी ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि पोलीस येईपर्यंत गप्पांत अडकवून ठेवलं. वीज तोडतो म्हणणाऱ्याला म्हटलं, "तोड बाबा, तेवढंच बिल वाचेल." भिशीच्या बायकांची मी यावर शिकवणी घेते. अभिमान आहे मला, आणि का नसावा?

तर आमच्या केतकीचं लग्न जमत आलं होतं. मुलगा साक्रीचा, धुळ्यात नोकरीला. प्रत्येक स्थळाला नाक मुरडणारी आमची पोरगी या वेळी स्वतःच विचारायची, "आई, त्यांच्याकडून काही निरोप?" मध्यस्थ होते फैजपूरचे नाना, माझे चुलत दीर. रविवारी मंडळी येतील, एवढंच ते म्हणाले होते.

गुरुवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"केतकीची आईच ना? ताई, मी साक्रीहून..."

"कुठून ते राहू द्या. काय पाहिजे ते बोला."

"जरा माहिती हवी होती. मुलीची जन्मतारीख, जन्मवेळ. आणि तुमचं माहेरचं आडनाव काय?"

झालं! जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव विचारणारा माणूस चोरच, हे मीच तर बायकांना घोकून घोकून शिकवलंय. तुम्ही म्हणाल, सोयरिकीची चौकशी असेल, एवढंही कळलं नाही का? अहो, आमच्याकडे चौकशी होते ती मागच्या दाराने. पाहुण्याच्या पाहुण्याला गाठतात, शेजाऱ्याला चहाला बोलावतात. थेट मुलीच्या आईलाच फोन लावणारा सरळ माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी फोन रेकॉर्डिंगवर टाकला आणि ठरवलं, याला चांगला खेळवायचा.

"मुलीचे वडील काय करतात?"

"जेलमध्ये आहेत."

इकडे आमचे हे समोरच शेंगा सोलत बसलेले. त्यांचा हात थांबला.

"आणि शेतीवाडी?"

"होती. जुगारात गेली."

"घरात अजून कोण असतं?"

"माझा भाऊ असतो. शुद्धीवर असला तर फोन देते."

मग मी खऱ्या मुद्द्यावर आले. म्हटलं, "वय झालेलं दिसतंय तुमचं. या वयात लोकांना लुबाडता, लाज नाही वाटत? घरी लेकीसुना असतील ना?"

त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी हळूच म्हणाला, "बरं बहीण. बठ्ठं समजी गयं." सगळं समजलं म्हणे! आणि फोन ठेवला.

"मला जेलमध्ये कशाला घातलंस?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"तुम्हाला त्यातलं काही कळत नाही," मी म्हटलं आणि ते रेकॉर्डिंग नंबरासकट कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. 'सावध राहा. या चोराला मी सरळ केलाय, तुम्हीही करा.' लोकांनीही माझा शब्द मानला. दुसऱ्या दिवशीपर्यंत अर्ध्या कॉलनीने त्या नंबरावर फोन करून तोंडसुख घेतलं. मला तर जिन्यात थांबवून शाबासकी देत होते.

शनिवारी सकाळी नानांचा फोन. ते रेकॉर्डिंग फिरत फिरत फैजपूरला पोचलं होतं.

"वहिनी, हे तुम्ही काय केलं? हा आवाज मुलाच्या मामांचा आहे. त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही."

केतकीने ऐकलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तिने भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं हो. पोरीचं जमलेलं लग्न मी माझ्या हाताने मोडलं, असंच वाटत राहिलं.

शेवटी मन घट्ट करून मीच मामांना फोन लावला. हे आणि केतकी शेजारी येऊन उभे राहिले. म्हटलं, "दादा, चुकलं माझं. जे म्हणायचं ते मला म्हणा, पण माझ्या लेकीला नाही म्हणू नका."

"नाही कशाला म्हणू, ताई?" मामा हसायलाच लागले. "एवढं वाईट स्वतःच्या तोंडाने कोण सांगतं? मला शंका आली. काल मी भुसावळला येऊन गेलो. तुमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत तासभर बसलो."

"मग? काय म्हणाला गिरणीवाला?"

"म्हणाला, घर चांगलं आहे, पोरगी लाखात एक आहे, वडील तर देवमाणूस. मी विचारलं, आणि आई? तर म्हणे, आई मनाची चांगली आहे, पण तिचं बोलणं मनावर घेऊ नका. कॉलनीत आम्ही कुणीच घेत नाही."

लग्न ठरलं. जावई हिऱ्यासारखा मिळाला, आणि अशी माणसं पारखायला नजर लागते, हे मी आजही भिशीत छातीठोकपणे सांगते.

दळण मात्र आता स्टेशनापलीकडच्या गिरणीत टाकते.